पाठ करून बसलेली माणसं

सोहार (ओमान), २२ सप्टेंबर २०१३

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन केला असता तर तू दुसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणाला असतास आणि तिसऱ्या वाक्याला मी फोन आपटला असता. कागदावरच्या माणसाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद. आशुतोष आठवडाभर पुण्याला येतोय, त्याच्या हाती पाठवते आहे. माझ्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर आहे, त्याला चहा तरी विचार. सोबतचा खजूर आईसाठी आहे. तुझी साखर वाढलीय हे मला नूतनवहिनीने सांगितलंय, तेव्हा डब्यात हात घालू नकोस.

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या त्या परिषदेत मी ऑस्टिओपथीवर पाऊण तास बोलले. हाडं, सांधे, स्नायू हातांनी ओळखायचे आणि हातांनीच मोकळे करायचे, या विद्येची बाजू मी जीव तोडून मांडली. सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि तू तिसऱ्या रांगेतून हात वर केलास. "बाई, टाळ्यांशिवाय दुसरा काही पुरावा आहे का?" बाई म्हणालास, दादा! सख्ख्या बहिणीला! वर सगळ्यांना सांगितलंस, की ही जन्मली तेव्हा आधी पाय बाहेर आले, ही पायाळू. गावात कुणाची कंबर धरली, उसण भरली की हिला उचलून न्यायचे, ही पाठीला पाय लावायची आणि माणसं उठून चालायला लागायची. "त्या लाथेत आणि या उपचारात फरक आहे, हे डॉक्टरीणबाई कसं दाखवणार?"

लोक हसले. मी तुला काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. त्यानंतर आईच्या पंचाहत्तरीला आपण एकाच मांडवात दोन टोकांना जेवलो.

पण प्रश्न माझ्या पाठीस लागला तो लागलाच. गोळीवर संशोधन करायला कंपन्या रांग लावतात, कारण गोळी विकता येते. हातावर कुणाला मालकी सांगता येत नाही, म्हणून हाताची परीक्षा घ्यायला कुणी पैसा, जागा, माणसं देत नाही. मग आम्ही हातवाले 'अनुभव आहे, अनुभव आहे' असं घोकत बसतो. अनुभव तर रोग्यांचं रक्त काढणाऱ्या न्हाव्यांनाही होता, पिढ्यान् पिढ्यांचा! अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं, आणि लिंबू-संत्री खाणारी जोडी उठून कामाला लागली. त्याच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना अनुदान. होता तो फक्त हट्ट. हट्ट माझ्याकडेही आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तर आम्ही इथे एक संशोधन मंडळ उभं केलंय. औद्योगिक वसाहतीत अहमद म्हणून एका ओमानी गृहस्थांचा पाइपांचा कारखाना आहे. ते जागा देतायत, कामगारांना तपासणीसाठी भरपगारी सुटी देतायत, वर्षभर मंडळाचा खर्च उचलतायत. कंबरदुखीच्या कामगारांचे दोन गट करायचे. एकाला खरा उपचार, दुसऱ्याला तशाच खोलीत, तितकाच वेळ, नुसता हात ठेवून उठायचं. कुणाला काय मिळालं ते कामगाराला कळता कामा नये, मोजणाऱ्यालाही नाही. यश आलं तर मंडळ कायमचं होईल, दुसरे कारखाने येतील. नाही आलं तर तुझा प्रश्न तसाच उभा राहील आणि मी तुझ्यासमोर उभी राहू शकणार नाही.

मला चिठ्ठ्या टाकून गट पाडणारा आणि ती यादी शेवटपर्यंत कुलपात ठेवणारा माणूस हवाय. संख्याशास्त्र जाणणारा. आणि मी जिंकावं असं ज्याला मुळीच वाटत नाही असा. माझ्या ओळखीत असा एकच आहे.

उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तरी सविस्तर म्हण.

विशाखा


सोहार, १६ नोव्हेंबर २०१३

दादा,

दोन वर्षांनी आलेलं तुझं पत्र (त्याला पत्र म्हणायचं तर) मी दिवाळीत खुदेजाला वाचून दाखवलं. "चिठ्ठ्या मी काढीन. तू उपचार करायचे नाहीस. तू मोजायचं नाहीस. धनंजय." ती म्हणाली, "बाई, तुमचे भाऊ तार खात्यात होते काय?"

खुदेजा ही आमची नर्स. रत्नागिरीकडची, लग्न होऊन इथे आली, जीभ माझ्यापेक्षा तिखट. तुझ्या हुकुमाप्रमाणे मोजणी तिच्याकडे दिली: कोण किती वाकतो, कोण बुटाची नाडी बसून बांधतो, कोण उभ्याने. उपचार आशुतोष करतो. मी विचारलं होतं की मग मी करायचं काय, त्यावर तुझं उत्तर आलं, "गप्प बसायचं." ते मात्र मला जमलं नाही, आणि का जमलं नाही ते सांगते.

माणसंच येईनात. कंबर दुखते असं कागदावर आलं की अर्बाब, म्हणजे मालक, परतीचं तिकीट हातात ठेवतो, अशी भीती त्यांच्या हाडात मुरलेली. जनार्दन म्हणून कणकवलीकडचा फिटर आहे. उठताना भिंत धरतो आणि विचारलं तर म्हणतो, "माका काय्येक नाय, बाई. ही भिंत हलता, म्हणान धरतंय." अशा माणसाला पत्रक देऊन काय उपयोग? मी अहमदसाहेबांना मेसमध्ये घेऊन गेले. सगळ्यांसमोर त्यांच्याकडून वदवून घेतलं की दुखण्यावरून कुणालाही परत पाठवणार नाही. त्यांनी मराठी-हिंदीची खिचडी करत तसं सांगितलं (तरुणपणी मुंबईत राहिलेत), आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अब दक्तूरा बोलेगी."

मग मी बोलले. दादा, तुला आवडो न आवडो, मी चांगली बोलले. मेसमध्ये चटया टाकलेल्या, चपला दाराशी काढलेल्या, माणसं मांडी घालून दाटीवाटीने बसलेली. निम्म्याहून जास्त आपल्याकडची, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. मी त्यांना सांगितलं की तुमची पाठ हे तुमचं एकमेव भांडवल आहे आणि त्याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. ती चौकशी आम्ही करणार, तुमच्या मदतीने. हसवायला म्हणून आपली जुनी गोष्टही सांगितली. मी कशी पायाळू, अंगणात पाठ दुखणाऱ्यांची रांग कशी लागायची, आणि तू दाराशी उभा राहून प्रत्येकाकडून ओले काजू कसे उकळायचास. माझ्या भावाने विचारलं की त्या लाथेत आणि औषधात फरक काय, तोच फरक शोधायला आले आहे, असं म्हटल्यावर मेस हसून हसून लोळली.

दुसऱ्या दिवशी नावं द्यायला रांग. जनार्दन सगळ्यांत पुढे. आता बोल!

तुझी,
विशाखा

ता.क. काजूंचा हिशेब आईला कधीच कळला नव्हता. आता कळला तर माझ्यावर बिल फाडू नकोस.


सोहार, १८ जानेवारी २०१४

प्रिय दादा,

तुझी शेवटची चिठ्ठी चक्क चार ओळींची होती. तब्येत बरी आहे ना?

काम जोरात आहे. बुटाच्या नाड्या उभ्याने बांधणारी माणसं वाढतायत. यादी तुझ्या कुलपात, तू पाठवलेली बंद पाकिटं फक्त आशुतोषकडे, त्यामुळे कोण कुठल्या गटातला ते मला आणि खुदेजाला ठाऊक नाही, पण खुदेजाचा चेहरा मला वाचता येतो. आशुतोषने तर खाबुरा गावातल्या सभेसाठी फलक करायला टाकलाय. तिथे अहमदसाहेबांची वाडी आहे, लिंबांची आणि खजुरांची. मार्चमध्ये तिथेच बाकीच्या कारखानदारांसमोर निकाल सांगायचा.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय. हसणार नसशील तर सांगते.

दर गुरुवारी संध्याकाळी मी मेसमध्ये जाते. पुढच्या आठवड्याच्या वेळा सांगायच्या, चार शब्द उमेदीचे बोलायचे, एवढंच. दादा, ती माणसं माझ्याकडे पाठ करून बसतात! पहिल्या वेळी दोघं-तिघं होती, आता आख्ख्या दोन रांगा. मी दारातून पुढच्या भिंतीपर्यंत जाते तो चिंचोळा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना पाठीच पाठी. आयुष्यात मला लोकांनी हुल्लड करून बसवलंय, चपला दाखवल्यात, एकदा कुणी कांदा फेकला होता. पण पाठ? वक्त्याला याहून मोठी शिवी नाही. बरं, विचारावं तर म्हणतात, "बोला ना बाई, आमी आयकतो हाव."

जागा एवढी थोडी की जाता-येता कुणाच्या ना कुणाच्या पाठीला पाय लागतोच. आपल्या सवयीप्रमाणे मी लगेच वाकून नमस्कार करते. त्यावर ते इतके खूष होऊन हसतात की मला वाटतं, माझीच टिंगल चाललीय. जनार्दन तर इतका मागे सरकून बसतो की त्याला ओलांडूनच जावं लागतं. मी रागावले तर म्हणतो, "सरकाक जागा खंय हा?" आणि पुढे चांगली हातभर चटई रिकामी!

कंटाळले असतील माझ्या बोलण्याला. तूही कंटाळायचास. तू निदान उठून जायचास.

वहिनी म्हणते माझी पत्रं तू चष्मा लावून दोनदा वाचतोस. खरं असेल तर कळव, म्हणजे मी अक्षर मोठं काढीन.

तुझी,
विशाखा


सोहार, ९ मार्च २०१४

प्रिय दादा,

तुझी मेल मिळाली. "दोन्ही गट सारखेच सुधारले. फरक नाही. आकडे तीनदा तपासले. वाईट वाटतं, विशू."

मला विशू म्हणायला तुला एवढं निमित्त लागलं?

त्या दिवशी मी दवाखान्यात एकटीच भिंतीकडे बघत बसले होते. उपचार घेतलेलेही बरे, नुसता हात ठेवलेलेही बरे. म्हणजे तू परिषदेत म्हणालास तेच. खुदेजा चहा घेऊन आली. तिला निकाल सांगितला आणि चिडून म्हटलं, "बरोबरच आहे. ज्यांनी महिनोन् महिने माझ्याकडे पाठ केली त्यांच्याकडून दुसरं काय मिळणार होतं?"

खुदेजा माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, तुम्हाला खरंच माहीत नाय?"

"काय?"

"ते पाठ करत नव्हते हो. पाठ देत होते."

"म्हणजे?"

"तुमचा पाय लागावा म्हणून! तुम्हीच नाय का पहिल्या दिवशी सांगितलंत, मी पायाळू? तोंडाने कसा मागायचा डॉक्टरीणबाईचा पाय? लाज वाटते ना माणसाला. म्हणून वाटेवर पाठ देऊन बसायचे. जनार्दनभाऊ नंबर लावायचे, या गुरुवारी कोण कडेला बसणार त्याचे. आपली माणसं बघून मग बिहारी पण बसायला लागले. आणि वर तुम्ही पाय लागला की नमस्कार करायच्या. ते म्हणायचे, बाई मंत्र घालतात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, हा पण तुमच्या संशोधनाचाच भाग आहे!"

दादा, मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. खुदेजा म्हणते दोन्ही.

मी जनार्दनला बोलावलं. तो मान खाली घालून उभा. मी म्हटलं, "अरे, आशुतोष डॉक्टर मन लावून उपचार करत होता ना?" तो म्हणाला, "तो झील बरो आसा, बाई. हात बी गरम आसत. पण तुमचो पाय लागलो त्याच रातीक मी कुशी बदलली. खोटा कित्याक सांगू?" मी त्याच्या गटाचं नाव तू मेलसोबत पाठवलेल्या यादीत पाहिलं. नुसता हात ठेवलेल्यांतला. बुटाची नाडी तो आता उभ्याने बांधतो.

आणि हे सगळं घडलं माझ्या भाषणामुळे. तू गप्प बस म्हणालास, मी चार टाळ्यांसाठी ती गोष्ट सांगितली, आणि माझ्या विद्येच्या परीक्षेत माझाच पाय आडवा आला. शब्दशः.

आता खरं दुखणं. आशुतोषने एक वाट काढलीय. तो म्हणतो, जे पाठ देऊन बसायचे त्यांना वगळू, खुदेजाला ते कोण ते ठाऊक आहे. उरलेल्यांचे आकडे त्याने मांडून बघितले. त्यांत उपचारवाला गट सरस दिसतो, चांगला ठसठशीत. खाबुऱ्याच्या सभेत तेवढंच दाखवायचं. "मॅडम, खोटं काहीच नाही यात. ती माणसं बिघडलेला नमुनाच आहेत. आणि मंडळ बुडालं तर पुढचं संशोधन करणार कोण?"

त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. मी दोन दिवस तो मनात घोळवला, त्यावर एक भाषणही रचलं. चांगलं झालं होतं. मंडळ गेलं तर इथे कुणी पुन्हा पंधरा वर्षं असा प्रयत्न करणार नाही, हे मला दिसतंय. कारखानदारांना 'काहीच ठरलं नाही' हे वाक्य विकत घ्यायचं नसतं.

पण निकाल बघून मग माणसं निवडायची, तर चिठ्ठ्या कशाला काढल्या? तुला कुलूप लावायला कशाला सांगितलं? ज्या माणसांना मी म्हटलं की तुमच्या पाठीची चौकशी करणार, त्यांच्याच पाठी चौकशीतून काढून टाकायच्या, कारण त्यांनी दिलेलं उत्तर मला गैरसोयीचं आहे? दादा, ज्या विद्येला असं जगवावं लागतं ती जगून काय करणार आहे?

शनिवारी सभा आहे. मी सगळं सांगणार आहे, पायासकट. तुझा सल्ला मागत नाही. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. फक्त त्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत असायला हवा होतास.

तुझी,
विशू


सोहार, ६ एप्रिल २०१४

प्रिय दादा,

सभेत काय ठरलं ते त्याच रात्री दोन ओळींच्या मेलने कळवलं होतं. सविस्तर वृत्तांत उशिरा लिहिते आहे, कारण आधी तुझं उत्तर यायची वाट बघत होते. आलं. त्याकडे येतेच.

वाडीत लिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या. कारखानदार, त्यांचे मॅनेजर, मस्कतहून आलेले दोन डॉक्टर. आशुतोषचा फलक मी गुंडाळून ठेवायला लावला. मग उभी राहिले आणि दहा मिनिटांत सांगून टाकलं: काय विचारलं होतं, कसं शोधलं, काय निघालं, का निघालं. एकही अलंकार नाही, दादा. तुला ओळखू आले नसते. शेवटी म्हटलं, "आमचा उपचार उपयोगी आहे असं या अभ्यासातून म्हणता येत नाही. निरुपयोगी आहे असंही म्हणता येत नाही. कारण दोष त्या माणसांचा नव्हता, आखणीचा होता, आणि ती मी बिघडवली."

टाळी एकही नाही. मस्कतचे डॉक्टर एकमेकांकडे बघत होते. एक मॅनेजर उठून सरळ गाडीकडे गेला.

अहमदसाहेब मात्र गंभीरपणे विचारते झाले, "दक्तूरा, ये रिसर्च था या तमाशा?"

मी म्हटलं, "तमाशा छुपाती तो रिसर्च दिखता. बता दिया, इसलिए रिसर्च है."

ते हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत. त्यांनी सांगितलं, लहानपणी त्यांची कंबर धरली तेव्हा आजीने तापलेल्या सळीने पाठीवर डाग दिला होता. तो अजून आहे. "दर्द उसी दिन गया. आजतक पता नहीं, सळी से गया या डर से. ये मुझे भी जानना है." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, की जो आपला तोटा आपल्या तोंडाने सांगतो त्याच्याशी व्यापार करावा. एक वर्ष आणखी. फक्त एक. बाकी कुणी हात वर केला नाही, तेव्हा मंडळ जगलंय ते एका माणसाच्या भरवशावर, फार नाचू नकोस.

आणि त्यांची अट ऐक. "इस बार दक्तूरा बोलेगी नहीं. यल्ला, चलो, मंजूर?"

खुदेजा मागून म्हणाली, "साहेब, त्यापेक्षा पाठीचा मणका सरळ करणं सोपं."

मंजूर केलं. तू आखशील ती आखणी, तू म्हणशील ते मौन. तू लिहिलंस की या वेळी दोन नव्हे, तीन गट करावे लागतील, कारण "पायाळूच्या पायाला आता प्रतिस्पर्धी म्हणून अधिकृत दर्जा द्यायला हवा". तीन परिच्छेदांचं पत्र, दादा! आईला दाखवलंस का? तिसऱ्या गटात पाय लावायचं काम मात्र माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. जनार्दनने वसाहतीत चौकशी केली, दुसरं कुणी पायाळू मिळालं नाही. म्हणजे तू आधी माझे उपचार बंद केलेस, मग मोजणी, मग अहमदसाहेबांनी तोंड. उरला तो पाय.

आता तुझ्या पत्राचा शेवट. सगळी आकडेमोड झाल्यावर, एखाद्या तळटीपेसारखं, बारीक अक्षरात: "पंधरा तारखेच्या विमानाने येतो. आखणी तिथे बसूनच करू. कपाटावरची ट्रंक काढताना कंबर धरलीय. तुझी वहिनी म्हणते डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, जातोच आहे. पाय लावशील ना?"

हे वाक्य मी तुझ्यासारखं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग खुदेजाला दिलं, तिनेही वाचलं.

नाही लावणार. ज्याने मला भर सभेत पुरावा मागितला त्याला पुराव्याआधी पाय मिळणार नाही. आलास की संमतीच्या कागदावर सही करायची, खुदेजा तुला वाकायला लावून मोजेल, आणि चिठ्ठीत निघेल ते मुकाट्याने घ्यायचं: आशुतोषचे हात, नुसतेच हात, की माझा पाय. चिठ्ठी अर्थात तू काढायची नाहीस. ती जनार्दन काढेल, आणि त्याच्याकडून काजू देऊन काम होत नाही.

मस्कतच्या विमानतळावर मी स्वतः घ्यायला येते आहे. पायात बूट घालून, नाड्या घट्ट बांधून. तेव्हा तिथल्या गर्दीत उगाच माझ्याकडे पाठ करून उभा राहू नकोस. मी त्याचा अर्थ आता ओळखते.

तुझी,
विशू